बिनधुराचा कोळसा

माह्यं माहेर इंझोरीचं, भाऊ. आमाले वावर ना शिवार, माहा बाप वाळ्याच्या ताट्या बांधे. वाळा तुमाले मालूम असन, नाल्याच्या काठी उगवते, त्याच्या मुळ्यायले वास असते, त्या मुळ्या खोदून आनाच्या, धुवाच्या, कामट्यायच्या चौकटीत दाबून बसवाच्या, की झाली ताटी. उन्हाळ्यात मोठ्या लोकायच्या दाराले लावाची अन् तिच्यावर पानी मारत राह्यचं, भायेरची झळ आत जाता जाता गार होते. कचेरीत म्हना, डाकबंगल्यात म्हना, बापाच्या ताट्या जात, अन् आमच्या दाराले फाटकं पोतं. बापाच्या हातात सदा कामटी राहे अन् ते कामटी आमच्या आंगावर पडे. काय सांगू तुमाले, ओली कामटी लय लागते. वाळलेली मोडून तरी जाते, ओली मोडत नाही. माही माय त्या मारानं गेली म्हनत कोनी, कोनी म्हनत तापानं गेली, म्या मार बी पाह्यला अन् ताप बी पाह्यला, कशानं गेली ते मले आजबी सांगता येत नाही. माही लहान बहीन सुशी तवा आंगावर पेत होती. मी असन आठ-नऊ वर्साची. म्या तिले शेळीच्या दुधावर वाढवली, काखेतून खाली ठेवली नाही. बापानं तिच्यावर हात उचलला की मी मधात जाओ. तिच्या वाट्याचा मार म्या खाल्ला, हे मोठेपना म्हनून नाही सांगून राह्यली, तसंच होतं ते.

मंग माह्यं लगन झालं, तेरा-चौदाची असन. नवरा नामदेव, जऊळक्याच्या टेसनावर हमाल. कापसाच्या गठानी पाठीवर घेऊन मालगाडीत टाके. आंगानं असा दांडगा की दोन मानसायची गठान एकला उचले, पन मनानं उंदीर. मोठा मानूस समोर आला की याची मान खाली. अन् घरी आला की मंग त्याचा हात चाले. मी बी काही गाय नव्हती बाप्पा. त्यानं एक देल्ली की मी दोन देओ, नाही पुरलं तर चावो. एकदा त्याच्या मनगटाले असं चावलं का गठानीचा दोर आठ दिस धरता नाही आला त्याले. टेसनावरचे हमाल हासत, म्हनत नाम्या, बायको हाय का कुत्री. तो म्हने दोन्ही. माहा हा राग जल्मापासूनचा हाय, भाऊ. तुमाले आता मी वाळल्या खारकेवानी दिसून राह्यली असन, पन तवा लोक मले पाहून वाट सोडत.

लगनानंतर आठ-नऊ वर्सं आमी टेसनामांगं झोपडीत काढली, टेसनाजवळ खोली कोठून भेटाची. तवा देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्सं झाली होती, टेसनावर माल वाढला, मानसं वाढली, खोल्या तेवढ्याच. गावात भगवंतरावाचं घर मोठं, धाब्याचं, मांगच्या आंगाले एक खन रिकामा होता, तो आमाले देल्ला. भाडं पैशात नाही. तो म्हने, घर माह्यं, पन घराचं थंड-गरम तुमच्याकडं. म्हंजे असं का, उन्हाळ्यात त्याच्या बैठकीच्या ताट्या म्या भिजवाच्या, हिवाळ्यात न्हानीतला तांब्याचा बंब म्या पेटवाचा, राख काढाची, गोवऱ्या आनाच्या. अन् पावसाळ्याच्या आंधी अख्ख्या धाब्यावर नामदेवानं पांढरी माती टाकाची, दाबाची, चिरा बुजवाच्या. आमी हो म्हनलं. ताटीचं काम तर माह्या बापाचंच.

आता तुमी शहरातले, तुमाले धाबं काय ठाऊक. लाकडाच्या सऱ्या, त्यावर काड्या, त्यावर हातभर माती, हे झालं छप्पर, उन्हाळ्यात गार अन् हिवाळ्यात गरम. पन त्या घराले खिडक्या नसत, चोराच्या भेवानं. मंग धूर जाची अन् उजेड येची वाट एकच, धाब्याले वर एक भोक ठेवत, त्याले सानं म्हनत. एवढं, सुपाएवढं. पाऊस आला की वर जाऊन त्याच्यावर फुटकं मडकं पालथं घालाचं, पाऊस थांबला की काढाचं. आमच्या खनात दार एक अन् सानं एक, बस. मी सकाळी उठली की आंधी वर पाहो, सान्यातून किती उजेड आला त्यावरून मले वेळ कळे.

पयल्याच उन्हाळ्यात त्या घराचा मार म्या खाल्ला. वैशाखाचं ऊन, ताटीवर दर घडीले पानी माराचं, अन् हीर आटलेली, मी दूरच्या हिरीवरून घागरी आनून राह्यली होती. यायले उशीर झाला अन् ताटी वाळली. बैठकीत भगवंतरावाचे पाहुने बसले होते, झळ आत गेली. मी घागर घेऊन आली तसा तो भायेर आला अन् ताटीची एक कामटी उपसून माह्या पाठीवर मारली, पाहुन्यायसमोर. वाळलेली होती, मोडली. म्या घागर त्याच्या पायावर आपटली. पायाचं बोट फुटलं त्याचं. तो दुसरी कामटी उपसाले लागला. नामदेव तिथंच उभा होता, ज्वारीचं पोतं घेऊन आला होता. म्या त्याच्याकडं पाह्यलं. तो म्हने, मालक, चुकलं तिचं. अन् घरी येऊन त्यानंच मले मारलं, म्हने आपल्याले खोली जड झाली का तुले. पन मारता मारता तो रडून राह्यला होता. मले त्या रडन्याची जास्त चीड आली.

तिथं दोन वर्सं काढली. माह्या पोटी काही लेकरू राह्यलं नाही. सुशीचं लगन झालं होतं, तिचा नवरा सालदार, दुसऱ्याच्या वावरात राबनारा. तिले दिवस गेले. पयलं बाळंतपन माहेरी होते, पन बाप मरून गेला होता, इंझोरीले घरबी राह्यलं नव्हतं, मंग तिचं माहेर म्हंजे मीच. म्या निरोप धाडला, आन तिले माह्याकडं. ते पुसाच्या थंडीत आली, सातरंगी बांगड्या भरून, एवढं मोठं पोट, अन् मले पाहून हासली. म्हने बाई, मले भेव वाटून राह्यलं. म्या म्हटलं, मी हाय ना.

दुसऱ्या दिवशी भगवंतरावानं बोलावलं. म्हने, माह्या घरात परक्याचं बाळंतपन होनार नाही, सुयेराचा इटाळ आमाले नाही पाह्यजे, तिले जिथून आनली तिथं नेऊन घाल. म्या म्हटलं, मालक, आता नववा सरून राह्यला, बैलबंडीत गचके बसून वाटेतच व्हाचं तिचं. तो म्हने, मंग तुमीबी निघा. पुसाची थंडी, कुठी जाव. माहा हात मुठीत वळला होता, पन पोटूशी बहीन घरात, म्या आयुष्यात पयल्यानं मूठ सोडली अन् त्याच्या पायावर डोकं ठेवलं. मालकीनबाई मधात पडल्या. म्हनल्या, राहू द्या, पन एक गोठ ध्यानात ठेव, त्या सान्यातून तुहा धूर आमच्या धाब्यावर येते. आमच्या मुंगवड्या, आमचं वाळवन, देवाच्या वाती, सगळं तिथं वाळते. बाळंतिनीचा धूर त्याच्यावर नाही आला पाह्यजे. धूर दिसला का बाज भायेर. म्या म्हटलं, धूर नाही दिसनार.

आता पाहा, बाळंतिनीले शेक तर लागतेच. बाजीखाली घमेल्यात इस्तो ठेवाचा, त्यावर ओवा, वावडिंग टाकाचं, आंगाले ऊब पाह्यजे अन् वारा लागता कामा नाही. बाळंतिनीले वारा लागला का ते गेली, हे आमच्याकडं लहान पोट्टीले बी ठाऊक. गोवऱ्या जाळा तर धूर. लाकडं जाळा तर धूर. मंग म्या डोकं चालवलं. लोहाराच्या भात्यावर गेली अन् त्याच्याकडून लाकडी कोळसा आनला, दोन टोपली. लोहाराच्या कोळशाले धूर नसते. नुसता लाल होते, तापते, डोळ्याले पानी नाही का खोकला नाही. मले वाटलं, पाहा, मी केवढी हुशार. मालकीनबाईचं बी राह्यलं अन् सुशीले ऊबबी भेटली. सुईन आली तिनं बी घमेलं पाह्यलं, म्हने वा, असा शेक तर देशमुखायच्या सुनेले नाही भेटत.

सुशी मंगळवारी बाळंत झाली. पोरगी. दिवसभर कळा देल्ल्या, माहा हात असा धरून ठेवला का तिच्या बांगड्या माह्या मनगटात रुतल्या. पोरगी लहान, पन रडे जोरात. सुशी म्हने, बाई, हे तुह्यावर गेली. तीन दिस चांगले गेले. सुईन सकाळी येऊन दोघीयले तेल लावून शेकून जाये, मी खारीक-खोबरं चारो. रातच्याले सानं उघडं अन् आकाश दिसे, सुशी पोरीले म्हने, ते पाह्य चांदनी. म्हनून तारा नाव म्या ठेवलं नंतर, आमच्यात पाचवीलेच नाव ठेवत, पाचवी झालीच नाही.

चवथ्या दिसाची गोठ. थंडी अशी पडली होती का हिरीच्या पान्यातून वाफ निघे. सकाळी सुईन शेकून गेली. मले बंब पेटवाले जाचं होतं. म्या घमेलं काठोकाठ भरलं, नवा कोळसा फुलवला, बाजीखाली सारला. दाराच्या फटीतून वारा शिरून राह्यला होता, म्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या केल्या अन् एकून एक फट बुजवली, खालची बी. अन् सुशीले म्हटलं, मी गेल्यावर आतून कडी लाव, मालकाची पोरं, कुत्रं, मांजर, कोनीबी दार लोटते अन् वारा येते. म्या आवाज देल्ल्याशिवाय कडी काढू नको. हे म्या म्हटलं, भाऊ. हे लिवून घ्या. तिनं बाजीवरून उठून कडी लावली, मले कडीचा आवाज आला, मंग मी गेली.

बंब पेटवला. भगवंतरावाले पानी कढत लागे, चांगल्या दोन पाट्या गोवऱ्या लागत. मंग मालकीनबाईनं मले मुंगाची दाळ वाटाले बसवलं, म्हनल्या आज वड्या घालाच्या हायेत, हात लाव. मी वाटत बसली. त्या पयला घाना घेऊन वर गेल्या, मी दुसरा वाटाले लागली. सूर्य चांगला वर आला. तिकडं न्हानीत भगवंतराव आंघोळीले बसला, मोठ्यानं सोत्र म्हनून राह्यला होता. मंग मी हात धुतले अन् सुशीच्या पेजेसाठी म्हनून घराकडं गेली.

दाराशी आली तर खालच्या फटीतली चिंधी भायेर पडलेली. मले राग आला, म्हटलं कोन्या पोट्ट्यानं उपसली. वाकली तर आतून पोरीचा आवाज, रडनं नाही, मांजरीच्या पिलावानी, अन् दाराच्या एकदम जवळून, जमिनीवरून. म्या हाक मारली, सुशी. पोरगी जमिनीवर कशी गं. सुशी. म्या दार बडवलं, लाथा मारल्या, सागाचं दार, कडी लोखंडाची, काही हाललं नाही. मंग मले सुचलं का सान्यातून पाहाव. शिडी होती मांगच्या भिताडाले, मी वर चढली.

वर सानं नाही.

काय सांगू तुमाले, मी धाब्यावर उभी अन् मले माह्यं सानं सापडेना. जिथं भोक होतं तिथं ओली पांढरी माती, हातानं सारवलेली, एकसारखी, अन् त्याच्यावर धोतर अंथरून त्याच्यावर मुंगवड्यायच्या रांगा. मालकीनबाई वड्या टाकून राह्यल्या होत्या. मी त्या वड्यायवर लाथ मारली. बाई ओरडल्या. बाजूले टिकास पडलं होतं, मातीच्या कामाचं, ते उचललं अन् मी खोदाले लागली. आरडाओरड ऐकून भगवंतराव आला, तसाच ओला, पंचावर, आंगातून वाफ निघून राह्यली होती, ते वाफ म्या तापवलेल्या पान्याची. म्हने रांडे, माह्यं घर खोदते. त्यानं माहे केस धरले मांगून अन् वढलं, मी पाठीवर पडली, त्यानं पोटात लाथ घातली, एक, दोन. म्या टिकासाचा दांडा फिरवला, तो त्याच्या कोपरावर बसला अन् लाकूड मोडते तसा आवाज आला. तो वड्यायत पडला. पुन्हा उठाले पाहे तर म्या पुन्हा मारला, खांद्यावर. तिसऱ्यांदा मारत होती तर बाईनं माहे पाय धरले, म्या बाईलेबी झिटकारलं. तवा मले मानूस दिसतच नव्हता, भाऊ, खरं सांगते, तो मेला असता तरी मले चाललं असतं.

मंग खोदलं. माती, तिच्याखाली पोतं, पोत्याखाली फरशी. फरशी उलथवली अन् माह्या तोंडावर गरम हवा आली. धूर नाही. धुराचा वासबी नाही. चांगली ऊबदार हवा, अन् मले एकदम गरगरलं. म्या कडा फोडल्या, माती आत पडली, काड्या मोडल्या अन् मी त्या भोकातून उडी टाकली. बाजीवर पडली, बाज मोडली, घमेलं लवंडलं, हा पाय पाहा, हा डाग तिथलाच. बाजीवर सुशी नाही.

सुशी दाराशी होती. बाजीवरून दारापतोर सरपटत आली होती, लुगडं मांग पसरलेलं. कडीपतोर तिचा हात पोचला नसन. पन खालची चिंधी तिनं वढून काढली होती अन् पोरीचं तोंड त्या फटीले लावून ठेवलं होतं, अन् सोता पोरीच्या मांग पडली होती, तिच्या पाठीले छाती लावून. म्या कडी काढली. दोघीयले अंगनात आनलं. सुशीचे गाल लाल, ओठ लाल, नव्या नवरीवानी, आंग गरम. म्या म्हटलं झोपली हाय. म्या तिले हालवलं, तिच्या तोंडात मारलं, जोरात मारलं, ज्या पोरीवर म्या कोनाचा हात पडू देल्ला नव्हता. सुईन धावत आली, तिनं नाकाशी हात धरला अन् माहा हात धरून ठेवला. म्हने आता मारू नको.

लोक जमले. भगवंतरावाले शिडीवरून उतरवलं, हात लोंबकळून राह्यला होता. मी पुन्हा टिकास घेऊन त्याच्यावर गेली, तर तो वरडला, माह्यावर काय येते, तुह्याच नवऱ्यानं बुजवलं सानं, जाय, इचार त्याले.

मी टेसनावर गेली. टिकास हातात, लुगडं फाटलेलं, पाय भाजलेला. मालगाडी लागली होती, हमाल गठानी टाकून राह्यले होते. नामदेवानं मले पाह्यलं अन् गठान खाली ठेवली. म्या इचारलं, सानं तू बुजवलं. तो म्हने, हो, मालकानं सकाळी बोलावलं, म्हने तुमी कोळसा जाळता, कोळशाले धूर नाही, मंग सान्याचं काय काम, बुजवून टाक, वड्यायले जागा होईन. मले वाटलं, सुशीलेबी ऊब राहीन, थंडी लय हाय. असं म्हने अन् माह्याकडं पाहे, का मी बरं केलं म्हनन. म्या दांड्यानं त्याच्या तोंडावर मारलं. रक्त आलं, दात पडले. तो पडला नाही. म्या म्हटलं, सुशी मेली. त्यानं तोंडातलं रक्त थुकलं. मंग म्हने, मार. म्या मारलं. पाठीवर, मानेवर, जिथं बसन तिथं. एवढा दांडगा गडी, त्यानं हात वर केला नाही. चार हमालायनं मले धरलं तवा थांबली, त्यातल्या एकाचा कान म्या फाडला.

फौजदार दुसऱ्या दिसी आला. भगवंतरावाचा हात गळ्यात बांधलेला, म्हने हिले जेलात टाका. फौजदारानं मले एकलीले बाजूले घेतलं. तो मानूस वाईट नव्हता. म्हने बाई, तू त्याचा हात मोडला हे लिवलं तर काहून मोडला हे बी लिवाव लागन. सानं बुजवा म्हनून त्यानं सांगतलं, बुजवलं तुह्या नवऱ्यानं. नवरा जाईन जेलात. मंग या लेकराचं काय, ते तिच्या सासरचे घेऊन जातीन. अन् तिचा नवरा तुह्या नवऱ्याले जित्ता सोडन का. माह्या मांडीवर पोरगी होती, सुईनीनं चिंधीनं शेळीचं दूध चोखवलं होतं अन् ते झोपली होती. म्या तिच्याकडं पाह्यलं. भगवंतरावालेबी फौजदारानं तसंच काही सांगतलं असन. कागद झाला, का बाळंतीन वारा लागून मेली, अन् मालक शिडीवरून पडला. म्या आंगठा देल्ला. सारं गाव म्हने, बिचारी, वारा लागला. वारा लागला म्हनत, भाऊ. माही बहीन एका घोटभर वाऱ्यासाठी दारापतोर सरपटली अन् लोक म्हनत वारा लागून मेली.

तिचा नवरा आला, रडला, पोरीले पाह्यलं, म्हने हे जगत नाही. अन् गेला. वर्साच्या आत त्यानं दुसरी केली. पोरगी जगली. आमी जऊळकं सोडलं, शेलूबाजारले आलो, तिथं कुडाचं घर बांधलं. कापसाच्या पऱ्हाट्यायचा कुड, इकडून वारा आला का तिकडून जाये, हिवाळ्यात आमी कुडकुडो. नामदेव म्हने शेनानं लिपू का. म्या म्हटलं हात लावशीन तर हात तोडीन.

अन् आता ते सांगते जे सांगाले लाज वाटते. म्या त्याले लय वर्सं मारलं. काही कारन लागत नव्हतं. चूल नीट पेटली नाही, थंडी पडली, कोनाच्या घरून ओव्याचा वास आला, का मी उठो अन् जे हाती येईन त्यानं मारो. फुकनी, लाकूड, दोर. तो बसून राहे. आंधी तो मले मारे, त्या दिसापासून त्यानं बोट नाही लावलं. शेजारी म्हनत उलटं घर हाय. तारा सहा-सात वर्साची असन, एकदा मी त्याले फुकनीनं मारून राह्यली होती तर ते मधात आली अन् त्याच्या आंगावर पडली. म्हने आई, बाबाले नको मारू, मले मार. फुकनी माह्या हातात वरच राह्यली. मंग म्या त्याले कधी मारलं नाही. बोललीबी नाही फारशी. पन तारा त्याचीच झाली, त्याच्याच खांद्यावर बसून बाजारात जाये, त्याच्याच हातचं खाये. ते सातवीपतोर शिकली, त्यानंच शाळेत घातली, गठानी वाहून वाहून. मले ते पाहून बरंबी वाटे अन् आतून जळोबी. मी म्हनो, याले एवढी माया भेटाची होती का.

तो गेला त्याले आता दहा वर्सं झाली असतीन. छातीत पानी झालं होतं, श्वास पुरे नाही. ताराच्या घरी होतो आमी, तिनं त्याचं सगळं केलं, हागनं-मुतनं, उशाले बसून पंखा हालवे. शेवटच्या दिसात एका दुपारी तो तिले म्हने, पोरी, इकडं ये, तुह्या मायची एक गोठ तुले सांगाची राह्यली. मी तिथंच होती. म्या उठून त्याच्या तोंडावर हात दाबला. तारा म्हने, आई, हे काय करून राह्यली, त्याले श्वास नाही. म्या हात काढला. पन तो पुन्हा बोलला नाही, माह्याकडं पाहून राह्यला. दोन दिसानं गेला. मले म्हनाले सोपं हाय का ताराले दुःख होईन म्हनून म्या त्याले थांबवलं. तसं नाही ते. ताराले एवढंच ठाऊक, का तिले जल्म देनारी माय वारा लागून गेली. त्यानं सानं सांगतलं असतं तर तिनं इचारलं असतं, मंग दार काहून नाही उघडलं माह्या मायनं. अन् कोळसा कोनं आनला.

आता मी ताराच्या घरात राह्यते. सिमिटच्या सिलेपचं घर हाय, खिडक्या हायेत, जावई चांगला, नातवंडं चांगली, त्यायले सगळ्यायले औक्ष लाभो, माह्या वाट्याचंबी लाभो. मले काही कमी नाही. तारा आता साठीची, चष्मा लावून पोथी वाचते, मले ऐकवते. आता ते आत चहा करून राह्यली तुमच्यासाठी. तुमी हे सगळं नीट लिवलं का? मले वाचता येत नाही, तुमच्या भरोशावर. नामदेवानं सानं बुजवलं हे लिवा. धूर दिसू नाही म्हनून कोळसा म्या आनला हे लिवा, फटी म्या बुजवल्या, अन् कडी लाव म्हनून म्या सांगतलं, ते मोठ्या अक्षरात लिवा. भगवंतरावाचा हात तो मरेपतोर वाकडा राह्यला. नामदेवाले तर म्या काय नाही मारलं. मले मात्र त्या दिसापासून आजपतोर कोनी एक चापट नाही मारली, भाऊ. ते चहा घेऊन येईन, तिच्या हातात हे कागद द्या. मी इथंच बसून राह्यते.